ऑपरेटरसाहेबांची उसनवारी

इतिहासावरचे चांगले पॉडकास्ट सांगा, एखादा माहितीपट सुचवा, असं विचारणारी मंडळी हल्ली बरीच भेटतात. निवृत्तीनंतर हा माझा जोडधंदाच झालाय म्हणा ना. लग्नात शेजारच्या खुर्चीवर बसलेले व्याही विचारतात, सोसायटीतली कॉलेजची पोरं विचारतात आणि मी खुशीने सांगते. पण सांगताना प्रत्येक नावामागे एक माणूस उभा असतो. माझ्याकडे सांगण्याजोगं जे काही आहे, त्यातलं बरंचसं मला आमच्या बँकेच्या टेलिफोन ऑपरेटरने दिलेलं आहे. नाव छापलेलं त्यांना खपणार नाही. अख्खी शाखा त्यांना ऑपरेटरसाहेब म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणते.

साहेब जन्मापासून दृष्टिहीन. बँकांमध्ये टेलिफोनच्या बोर्डावर दृष्टिहीन माणसं नेमण्याची पद्धत होती, त्यातून ते आमच्या पुण्याच्या शाखेत आले आणि निवृत्त होईपर्यंत त्याच खुर्चीवर बसले. फोनवरच्या नुसत्या ‘हॅलो’वरून ते खातेदार ओळखायचे. एवढंच नाही, पलीकडच्या माणसाने कर्ज मागायला फोन केलाय की हप्ता टाळायला, हे ते लाइन जोडण्याआधी मला सांगून मोकळे व्हायचे. ‘मॅडम, गोड बोलतोय. सांभाळा.’ मी तेव्हा कर्ज विभागात होते. त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे.

इतिहासाची आवड आम्हा दोघांना आहे, हे कळलं ते ‘भारत एक खोज’मुळे. श्याम बेनेगलांची ही ५३ भागांची मालिका १९८८ साली दूरदर्शनवर सुरू झाली. नेहरूंच्या ज्या पुस्तकावर ती बेतलेली आहे, ते त्यांनी अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना लिहिलं. मला त्या मालिकेतले पोशाख आठवत होते, दरबार आठवत होते, निळसर उजेडातलं शीर्षक आठवत होतं. साहेबांना आठवत होता तो आवाज. वनराज भाटियांनी बांधलेलं नासदीय सूक्त, त्याचं वसंत देवांनी केलेलं हिंदी रूप, आणि मुख्य म्हणजे निवेदन करणारे ओम पुरी. शिवाजी महाराजांच्या भागांत नसीरुद्दीन शाह शिवाजी झाले होते आणि औरंगजेब झाले होते खुद्द ओम पुरी. मी ती मालिका पूर्ण पाहिलेली. पण दाढी आणि पगडीच्या आड हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. साहेब म्हणाले, ‘निवेदकच औरंगजेब होऊन बसलाय. मग महाराजांची बाजू सांगायची कुणी?’ विनोदच होता तो. पण गोष्ट सांगणारा तटस्थ आहे असं आपण किती सहज धरून चालतो, हे त्या विनोदातून माझ्या डोक्यात शिरलं ते कायमचं.

तिथून आमची देवाणघेवाण सुरू झाली. आधी कॅसेट, मग सीडी, मग मेमरी कार्ड. साहेबांच्या नोकियाच्या फोनमध्ये पडद्यावरचं वाचून दाखवणारी ‘टॉक्स’ नावाची सोय होती. तिचा यंत्रातला आवाज ते इतक्या वेगाने ऐकायचे की मला एक अक्षर कळत नसे. पण पॉडकास्ट मात्र ते नेहमीच्याच गतीने ऐकत. ‘माणूस बोलत असताना त्याला घाई करायची नाही,’ हा त्यांचा दंडक. दुसरा दंडक उसनवारीचा. शेजारणीची वाटी जशी रिकामी परत करत नाहीत, तसं त्यांनी सुचवलेलं काही ऐकलं की नुसतं ‘छान होतं’ म्हणून परत करायचं नाही. काय पटलं, काय खटकलं, कुठे झोप आली, ते सांगायचं. बरं, आपण काही सुचवलं की तेही तसंच परत करणार.

२०१० साली बीबीसी रेडिओ ४ आणि ब्रिटिश म्युझियमने मिळून ‘अ हिस्टरी ऑफ द वर्ल्ड इन १०० ऑब्जेक्ट्स’ ही मालिका काढली. संग्रहालयाचे तेव्हाचे संचालक नील मॅकग्रेगर शंभर वस्तूंमधून जगाचा इतिहास सांगतात, एक वस्तू साधारण पंधरा मिनिटांत. वस्तूंची मालिका आणि ती रेडिओवर! मला ती कल्पनाच उफराटी वाटली. साहेब मात्र खूश होते. ‘पहिल्यांदा संग्रहालयात मला आणि तुम्हाला एकच तिकीट,’ ते म्हणाले. खरंच होतं ते. टांझानियातल्या ओल्डुवाई घळीतलं अठरा-वीस लाख वर्षांपूर्वीचं दगडी हत्यार मॅकग्रेगर हातात घेतात आणि ते तळहातात कसं बसतं, कुठली कड कापायच्या कामाची, ते सांगतात. काचेच्या कपाटापुढे उभी राहिले असते तर मला एक दगड दिसला असता आणि मी पुढे सरकले असते. टपाल तिकिटाएवढी सिंधू मुद्रा, अशोकस्तंभाचा तुकडा, कुमारगुप्ताची सोन्याची नाणी यांचे भाग आम्ही पुन्हा पुन्हा ऐकले. शेवटची, शंभरावी वस्तू आहे सौरऊर्जेवर चालणारा दिवा. साहेबांचं त्यावरचं मत: ‘आमच्या काही उपयोगाचा नाही, पण निवड चांगली आहे.’

माहितीपटांची गोष्ट वेगळी. तिथे पडद्यावर काय चाललंय ते कुणीतरी सांगायला हवं. साहेबांच्या पत्नीला, म्हणजे वहिनींना, दिसतं, पण त्यांना लढाया आवडत नाहीत. त्यामुळे रविवारी दुपारी ते काम माझ्याकडे आलं. आम्ही सुरुवात केली ‘द वर्ल्ड ॲट वॉर’पासून. थेम्स टेलिव्हिजनने १९७३-७४ मध्ये दाखवलेली २६ भागांची ही मालिका जेरेमी आयझॅक्स यांची, निवेदन लॉरेन्स ऑलिव्हिए यांचं. पहिल्याच भागाच्या सुरुवातीला फ्रान्समधलं ओरादूर-सूर-ग्लान हे उद्ध्वस्त गाव दिसतं. १० जून १९४४ रोजी एसएसच्या सैनिकांनी तिथल्या सहाशे चाळीसहून अधिक माणसांना मारलं आणि गाव पेटवलं. युद्धानंतर ते अवशेष तसेच जपायचं ठरलं. मी सांगू लागले, ‘फार भयाण दिसतंय, अंगावर काटा येतो.’ साहेबांनी हात वर केला. ‘मॅडम, काय वाटतं ते नका सांगू. काय आहे ते सांगा. काटा माझा मी आणतो.’

मग मी पुन्हा सुरू केलं. भिंती उभ्या आहेत. छपरं नाहीत. खिडक्यांच्या चौकटी आहेत, त्यांतून पलीकडचं आभाळ दिसतंय. रस्ता स्वच्छ आहे, माणूस कुणी नाही. ‘कॅमेरा कुठून बघतोय?’ वरून. ‘किती वरून?’ हे मला पुन्हा बघावं लागलं. अशा प्रश्नांची सवय झाल्यावर माझ्या पाहण्याचा बाजच बदलला. तोवर मी माहितीपट पाहताना निवेदन ऐकत होते आणि चित्र नुसतं डोळ्यांपुढून जाऊ देत होते. दिसणाऱ्या माणसाला पाहायला भाग पाडलं ते न दिसणाऱ्याने; हे ऋण कसं मोजायचं ते मला ठाऊक नाही.

त्याच मालिकेत आल्बर्ट श्पेअरची मुलाखत आहे. हिटलरचा शस्त्रास्त्रमंत्री, न्युरेंबर्गला वीस वर्षांची शिक्षा झालेला आणि ती भोगून १९६६ मध्ये सुटलेला. पडद्यावर तो नीटनेटका, सभ्य, थोडासा खिन्न म्हातारा दिसतो. मी तसं वर्णन केलं. साहेब म्हणाले, ‘थकबाकीदार असाच बोलतो. जेवढं कागदावर सापडलंय तेवढं लगेच कबूल, आणि पुढचं काही विचारायच्या आत खेद व्यक्त.’ ज्यूंच्या संहाराची आपल्याला कल्पना नव्हती, हा श्पेअरचा दावा इतिहासकारांनी पुढे कागदपत्रांनिशी खोडून काढला. ते मी नंतर वाचलं. साहेबांनी फक्त ऐकलं होतं.

लढायांच्या माहितीपटांबद्दल त्यांची एक कायमची तक्रार होती: सगळीकडे एकच तोफ वाजते. त्यात तथ्य आहे. पहिल्या महायुद्धाचं चित्रण मूक आहे, दुसऱ्या महायुद्धातलं रणांगणावरचं बरंचसं चित्रणही आवाजाविना झालेलं. तोफा, विमानं, बुटांचे ठोके नंतर स्टुडिओत घातलेले. म्हणून कुठलाही माहितीपट लावला की त्यांचा पहिला प्रश्न, ‘हा आवाज तिथला की नंतर घातलेला?’ पीटर जॅक्सनचा २०१८ सालचा ‘दे शॅल नॉट ग्रो ओल्ड’ पाहताना तर हा प्रश्न फार कामी आला. मूक फितीतल्या सैनिकांचे ओठ वाचून त्यांचे शब्द त्यात नटांकडून बोलवून घेतले आहेत. पण त्यावर सलग चालतात त्या खऱ्याखुऱ्या सैनिकांच्या म्हातारपणी घेतलेल्या मुलाखती. साहेबांनी दोन्ही आवाज वेगळे काढले आणि म्हाताऱ्यांपाशी कान ठेवला.

केन बर्न्सचा ‘द सिव्हिल वॉर’ मी त्यांना सुचवला. १९९० सालची ही अमेरिकी यादवी युद्धावरची नऊ भागांची मालिका. तेव्हाची छायाचित्रं स्थिर, त्यांच्यावरून कॅमेरा सावकाश फिरतो आणि मागे सैनिकांची पत्रं वाचली जातात. सलिव्हन बॅलू नावाच्या मेजरने लढाईच्या आधी बायकोला लिहिलेलं पत्र ऐकताना वहिनीसुद्धा स्वयंपाकघरातून बाहेर येऊन थांबल्या. त्या पत्रामागे व्हायोलिनवर एक सूर वाजतो. ऐकणाऱ्याला वाटतं, १८६१ सालच्या तळावरच कुणी वाजवत असेल. साहेबांनी माझ्याकडे चौकशीचं काम दिलं. तो सूर जे उंगार यांनी १९८२ मध्ये बांधलेला निघाला. मला जरा फसवल्यासारखं झालं, साहेबांना मात्र मुळीच नाही. ‘कीर्तनकार तरी काय करतो? आख्यान जुनं, चाल आजची. फक्त श्रोत्याला हे माहीत पाहिजे.’

हे ‘माहीत पाहिजे’ त्यांच्या सगळ्या शिफारशींत असायचं. नुसतं नाव कधी नाही; सोबत सुरुवात कुठून करायची आणि सावध कुठे राहायचं, हेही. मेल्विन ब्रॅग यांचं ‘इन अवर टाइम’ १९९८ पासूनचं. ब्रॅग २०२५ पर्यंत ते चालवत होते. एक विषय, तीन प्राध्यापक, पाऊण तास. साहेब म्हणाले, अशोकाच्या भागापासून सुरू करा. आपल्याला जे थोडंफार ठाऊक आहे तिथून शिरलं की पुढची मंडळी किती पाण्यात आहेत ते कळतं. एकदा विश्वास बसला की मग अनोळखी विषयात जायचं. आणि ब्रॅग प्राध्यापकांना मध्येच तोडतात, त्याचा राग मानायचा नाही, ते आपल्या वतीने तोडतात. डॅन कार्लिनचा ‘हार्डकोर हिस्टरी’ दिला तेव्हाही असंच. पहिल्या महायुद्धावरची त्याची ‘ब्लूप्रिंट फॉर आर्मगेडन’ ही सहा भागांची मालिका म्हणजे रात्रभराचा गोंधळच, वीस तासांच्या वर. माणूस बोलतो जबरदस्त, पण आपण इतिहासकार नाही हे तो स्वतःच वारंवार सांगतो, ते ऐकून सोडून द्यायचं नाही. माइक डंकनचा ‘द हिस्टरी ऑफ रोम’ २००७ ते २०१२ असा चाललेला. सुरुवातीच्या भागांत त्याचा आवाज कोरडा वाटतो, तिथे कंटाळून उठायचं नाही. पॉल कूपरच्या ‘फॉल ऑफ सिव्हिलायझेशन्स’मधला विजयनगरचा भाग ऐकायचा तर आधी तालिकोटच्या १५६५ च्या लढाईबद्दल आपल्याकडचं काहीतरी वाचून घ्यायचं, कारण त्या लढाईत पलीकडच्या बाजूला अहमदनगर आणि विजापूर उभे होते. विल्यम डॅलरिंपल आणि अनिता आनंद यांचा ‘एम्पायर’ आला तेव्हा साहेब निवृत्त होऊन गावी गेले होते. तिथून फोन आला: ‘दोघांच्या गप्पा आहेत. गप्पा म्हणून ऐका. आणि एकाच्या बोलण्याला दुसरा कुठे हसतो ते बघत राहा.’

गाव म्हणजे सातारा जिल्ह्यातलं. तिथे चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला अमुक इतकी माणसं गेली, त्यातली इतकी परत आली नाहीत, एवढाच इंग्रजी मजकूर. अशा पाट्या महाराष्ट्रात बऱ्याच गावांत आहेत. साहेबांनी लहानपणी ती बोटांनी वाचली होती. इंग्रजी अक्षरांची वळणं आपण आधी त्या दगडावर शिकलो, असं ते सांगतात. त्यांचे चुलत आजोबा पाटीवरच्या त्या माणसांतले, मराठा पलटणीतले. मेसोपोटेमियात सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून कूट-अल-अमारा इथे त्या वेढल्या गेल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने टेकीला आलेल्या फौजेने शरणागती पत्करली. कैदेत गेलेल्यांतले कित्येक परत आले नाहीत. साहेबांचा इतक्या वर्षांचा शोध त्यासाठी होता. पहिल्या महायुद्धावरचं जे मिळेल ते ते ऐकत, कारण त्यात आपल्याकडचा एखादा आवाज कुठेतरी सापडेल अशी त्यांना आशा होती.

बर्लिनला शिकणाऱ्या माझ्या भाचीने फिलिप शेफनर यांचा ‘द हाफमून फाइल्स’ हा २००७ सालचा माहितीपट सांगितला तेव्हा मला पहिल्यांदा साहेबच आठवले. पहिल्या महायुद्धात बर्लिनजवळ व्ह्युन्सडॉर्फला जर्मनांनी खास वसाहतींतल्या सैनिकांसाठी कैद्यांचा तळ उभारला होता. त्यांना इंग्रज-फ्रेंचांविरुद्ध फितवावं हा हेतू. त्यासाठी तिथे मशीदही बांधली होती. त्या कैद्यांना एका कर्ण्यापुढे उभं करून विल्हेल्म डोगेन यांच्या आयोगाने त्यांचे आवाज तबकड्यांवर उतरवले. कुणी गाणं म्हणायचं, कुणी गोष्ट सांगायची. आयोगाला हवे होते भाषांचे नमुने. प्रत्येकाचं नाव, गाव, वय लिहिलेला तक्ता सोबत. माल सिंग नावाचा पंजाबी शिपाई ११ डिसेंबर १९१६ रोजी त्या कर्ण्यात मिनिटभर बोलला. स्वतःची गोष्ट तो परक्याची असावी तशी सांगतो: हिंदुस्थानात लोणी खाणारा कुणी एक माणूस होता, तो इंग्रजांच्या लढाईत आला, जर्मनांच्या हाती सापडला, आता त्याला घरी जायचंय.

मी साताऱ्याला जाऊन लॅपटॉपवर तो माहितीपट लावला. माल सिंगचा आवाज सुरू झाला, तबकडीच्या खरखरीतून येणारा. साहेबांनी सवयीने विचारलं, ‘पडद्यावर काय आहे?’ काहीच नव्हतं. दिग्दर्शकाने पडदा काळा ठेवला होता. ‘काळा?’ ‘पूर्ण काळा.’ साहेब मोठ्याने हसले. ‘शेवटी भेटला म्हणायचा, आमच्यासाठी सिनेमा काढणारा!’ मग त्यांनी तो मिनिटभराचा तुकडा पुन्हा लावायला सांगितला, आणि पुन्हा. आवाज तिथलाच होता, नंतर कुणी घातलेला नव्हता. मराठी नव्हता, साताऱ्याचा नव्हता, कूटचाही नव्हता. साहेबांचं त्यावर काही म्हणणं नव्हतं. पाटीवर नुसता आकडा आहे, या माणसाला निदान आवाज आहे, एवढंच ते म्हणाले.

वाटी रिकामी परत येणार नव्हतीच. मी नंतर त्यांना कविता पुरी यांचा ‘थ्री मिलियन’ दिला. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात किमान तीस लाख माणसं मेली, त्यांचं कुठे साधं स्मारक नाही. त्या दिवसांचे साक्षीदार हयात आहेत तोवर त्यांचं बोलणं गोळा करणारा हा २०२४ सालचा बीबीसीचा पॉडकास्ट. याआधी ‘पार्टिशन व्हॉइसेस’मध्ये फाळणी पाहिलेल्यांच्या आठवणी पुरींनी अशाच मिळवल्या होत्या. सगळे भाग ऐकून साहेबांचा फोन आला. स्तुती दोन वाक्यांत आटोपली. मग म्हणाले, ‘आपला बहात्तरचा दुष्काळ कोण करणार? खडी फोडलेल्या बायका आता ऐंशीच्या पुढे गेल्या असतील. की त्यांचीही पाटीच लावायची?’

माझ्या सासूबाई नगर जिल्ह्यातल्या. बहात्तर साली त्या रस्त्याच्या दुष्काळी कामावर होत्या. मिलोची लाल भाकरी, सुकडी, खडीचे ढीग, हे सगळं घरात बोलताना यायचं आणि भाजीच्या फोडणीत विरून जायचं. साहेबांच्या त्या फोननंतर मी मोबाइल समोर ठेवून त्यांना बोलतं केलं. कुकरच्या शिट्ट्या मध्ये मध्ये आल्या आहेत, नातवाने दार आपटलंय, खाली भंगारवाला ओरडतोय. ते साफ करून घेऊ का, असं मी साहेबांना विचारलं. ‘अजिबात नको. खरी तोफ तुम्हीच काढायला निघालात?’

त्यामुळे कुणी यादी मागितली की मी आता आधी दोन प्रश्न विचारते: तुम्हाला आधीपासून कशातलं कळतं, आणि ऐकणार कधी? पोळ्या लाटताना ऐकणारीला शंभर वस्तू, पुणे-मुंबई गाडी चालवणाऱ्याला कार्लिन, वाद घालायची हौस असलेल्याला ब्रॅग. मुंबईचं कुणी असेल तर ‘लोकसत्ता’ची ‘गोष्ट मुंबईची’. घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर मात्र यातलं काहीच सांगत नाही. फोनमधलं ध्वनिमुद्रणाचं बटण कुठे असतं तेवढं दाखवते.

सासूबाईंच्या धाकट्या बहिणीही त्याच कामावर होत्या, त्यांच्याकडे पुढच्या आठवड्यात जायचंय. साहेबांनी प्रश्न लिहून घ्यायला लावलेत. मजुरी रोख मिळायची की धान्यात? ढीग मोजायचं कोण? पाणी कुठून यायचं? पोरं कुणाकडे ठेवायचात? आणि त्यांच्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, जो मला कधी सुचला नसता: हजेरी घेणारा मुकादम नाव कसं पुकारायचा, ते तसंच्या तसं म्हणून दाखवा.